हेमलॉकखालचा खड्डा

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात भर हिवाळ्यात मरण आलं तर पुरायचीही सोय नसते; जमीन दगड झालेली असते. थेल्मा फेब्रुवारीत गेली आणि मेपर्यंत गावच्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत थांबली. तेवढ्या दिवसांत ओरिनने मनाशी पक्कं केलं, बायकोला ठेवायचं ते वरच्या उतारावर, हेमलॉकच्या झाडाखालीच. जमीन सैल झाल्याबरोबर रविवारी त्याने कुदळ घेतली. एकोणऐंशीव्या वर्षी गुडघाभर खणेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

आणि सोमवारी नेमकी जोआन हजर. ती जमिनी राखणाऱ्या संस्थेची. दर मे महिन्यात येऊन उतार पायाखाली घालायची, गेल्या वर्षीच्या फोटोंशी ताडून बघायची. जमीन ओरिनचीच होती, पण बारा वर्षांपूर्वी नवराबायकोने संस्थेला करार लिहून दिला होता. इथे घर नाही, रस्ता नाही, खणणं नाही. जमीन पुढे कोणाच्याही हाती जावो, करार तिच्यासोबत जाणार. खालच्या गावच्या राखीव दलदलीला पाणी या उतारावरच्या झऱ्यांचंच होतं.

खड्ड्यापाशी जोआन थबकली. "हे काय, ओरिन?"

"दिसत नाही? थेल्माची जागा."

"पण करारात..."

"करार मला शिकवू नकोस, पोरी! सही माझीही आहे त्यावर. पन्नास वर्षं हा डोंगर सांभाळला तिने, अन् तिला साडेतीन हात जागा मिळू नये?"

जोआनने हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाली, "मी इथवर आलेच नाही असं समजा. फोटो खालूनच काढते."

त्याला हेच तर हवं होतं. पण ऐकून बरं वाटेना. सहीच्या दिवशी वकिलाने विचारलं होतं, "निदान घरच्या कबरींपुरती जागा वगळायची का?" ओरिन हो म्हणणार, तोच थेल्मा बोलली होती, "नको. आज माझा खड्डा, उद्या जावयाच्या घराचा पाया. बोट दिलं की मनगट धरतात."

तेव्हा त्याला राग आला होता. आताही आला. मेल्यावरही ही बाई आपलंच खरं करणार! त्याने फावडं उचललं आणि तो माती परत लोटायला लागला. लोटताना रडला, आणि ते लपवलंही नाही. जोआनने गवताची ढेकळं एकेक करून वर बसवली.

"परसातल्या घेवड्याच्या वाफ्यात ठेवीन तिला," तो म्हणाला. "ती जागा करारात नाही. अन् तिथून हा उतार दिसतो."

"मग मी काहीच लिहीत नाही."

"लिही. खड्डा मालकाने खणला, मालकाने बुजवला. तिने तुला लिहायला लावलंच असतं."

जोआनने वही उघडली. शेवटच्या रकान्यात कारण द्यावं लागे. "कारण काय लिहू?"

ओरिनने हाताची माती पँटला पुसली.

"लिही, बायकोला विचारलं नव्हतं."