घुसळणारी बाई आणि मी प्लाझमिड

या प्रयोगशाळेतल्या बाईला हात आवरत नाही. जरा कुठे आमचं देणंघेणं सुरू झालं, की ही आली आणि लागली नळी घुसळायला. आमचा पूल मोडतो, त्याची हिला ना खंत ना खेद.

मित्रांनो, मी एक जुनं प्लाझमिड आहे. जिवाणूच्या पोटातलं इवलंसं, दोन पदरांचं कडं. शाळा मी पाहिली नाही, पण शेजारच्या पेशीकडे पूल टाकायला माझ्या घरच्या पेशीला मीच शिकवलं. माझा एक पदर पुलावरून पलीकडे जातो, एक घरी राहतो आणि दोन्हीकडे जोडीचा पदर नव्याने विणला जातो. देऊन माझं काही कमी होत नाही.

तरुणपणी मी मोकळी फिरत असे. मग घरच्या मोठ्या कड्यावर, म्हणजे गुणसूत्रावर, मला माझ्यासारखीच नक्षी दिसली. नक्षीला नक्षी भिडली, दोन्ही कडी तिथे उकलली आणि एकमेकांत सांधून एक झाली. कुणी मला आगंतुक म्हणालं. म्हणोत बापडे. तेव्हापासून मी निघाले की घरची जनुकं माझ्यामागे ओळीने निघतात. फक्त मी मधेच उकलते: माझा पुढचा तुकडा सर्वांआधी, मागचा सर्वांत शेवटी. पूल तोवर टिकला, तरच पलीकडे मी अख्खी पोचणार.

आणि ही घुसळते.

एकदा तिचे साहेब टेबलाशी आले. "जनुकं ओळीत बसतात म्हणे. मग दाखवा की. नाहीतर टेबल रिकामं करा, माणसं खोळंबलीत."

"दाखवते. घुसळू तर द्या."

"घुसळण्यातच वर्ष गेलं, बाई."

तिने एक नळी लवकर घुसळली, एक उशिरा. पलीकडच्या पेशी अधू होत्या. दोन अन्नघटक त्यांना स्वतः बनवता येत नसत. लवकर तोडलेल्यांपैकी काहींना एकच, आणि त्या सगळ्यांना तोच, बनवता येऊ लागला. उशिरा तोडलेल्यांत दोन्ही बनवणाऱ्याही निघाल्या. साहेबांनी काचेच्या ताटल्या उजेडात धरल्या.

"ओळ आहे खरी," ते पुटपुटले. "टेबल राहू द्या."

"आणि खुर्ची? तिचा पाय मोडलाय."

साहेब हसत गेले. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मीच नळीतून बोलले,

"ऐक गं बाई. तुझं टेबल राहिलं ते माझ्या तुटण्यावर. तोड हवं तितकं. माझा पदर घरी शाबूत आहे, मी पुन्हा पूल टाकीन. कधीतरी नळी निवांत ठेव आणि मी अख्खी कशी जाते तेही बघ. हुशार आहेस, नाकारत नाही. पण आहेस सोयरीक मोडणारी."