वळूनं नाकारलेला अंगारा

विंझरच्या वरच्या वाडीत देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. साल एकोणीसशे छत्तीसचं. चौथऱ्यावर भस्मानंदबाबा आणि त्याच्यासमोर देवीला सोडलेला वाडीचा वळू. काळा, ठेंगणा. भर पावसात डोंगराच्या खाचरांत पाय न घसरणारी ही जात आता त्याच्या एकट्याच्या जिवावर उरली होती. अडल्यावेळी वाडी गुरांचाच कौल घेई. ओंजळीतला दाणा खाल्ला की होकार, तोंड फिरवलं की नकार.

बाबानं नेमकं तेच हेरलं होतं. "या जातीच्या खुरात साडेसाती, शेपटीत पटकी!" असं ओरडत तो पंधरा दिवस घरोघर फिरला. अंगारा लावलेला दाणा गाईनं नाकारला की गाय शापित, आणि शापित गाय त्याच्या 'गोशाळेत' रवाना. वाडीतल्या ठकुबाईची गाय, चांदी, तशीच गेली. मग कापूरहोळच्या बाजारातून परतलेला शेजारचा कुंडलिक म्हणाला, "वैनी, कसली गोशाळा? चांदीचं कातडं म्या खाटकाच्या दारात वाळताना बगितलं."

ठकुबाई रडली नाही. चांदीनं नाकारलेला दाणा तिनं देवीचा म्हणून पदरात बांधून ठेवला होता. तो तिनं शेजारच्या, दुसऱ्याच जातीच्या धिप्पाड पांढऱ्या बैलापुढं धरला. बैल दावं तोडून पळाला. मग तिनं स्वतः वास घेतला आणि तिला मागं शिकाऱ्यांनी मारून वाडीतून नेलेला बिबट्या आठवला. त्या दिवशी सगळी गुरं उधळली होती. वास तोच.

आज वळूनं बाबाची ओंजळ हुंगली, फुत्कारला आणि मागं सरला. "बघा! देवीनं नाकारला!" लोकांनी हात जोडले. बाबा ऐटीत आपल्या छकड्यात चढला.

"थांबा महाराज," ठकुबाई पुढं आली. "तुमच्या बैलांचा बी कौल घेऊ."

"माझे बैल नंदीचे अवतार आहेत, बाई!"

"मग भ्याता कशापायी?"

तिनं पदरातला दाणा बैलांच्या नाकाशी नेला. दोन्ही अवतार छकड्यासकट असे उधळले, की महाराज थेट चिखलणीच्या खाचरात तोंडावर पडले. त्यांच्या झोळीतून घट्ट झाकणाची डबी निघाली. आत बिबट्याची चरबी. अंगाऱ्यात कालवलेली, वासानं जनावर हटणारच. ठकुबाईनं अंगारा न लावलेले मूठभर कोरडे दाणे वळूपुढं धरले. त्यानं ते चाटूनपुसून खाल्ले.

लोक बाबाला मारायला धावले. "मारू नगा," ती म्हणाली, आणि डबीतली सगळी चरबी तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या अंगाला चोपडली. "आता चालवत न्या येल्ह्याच्या ठाण्यात." वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर गुरं त्याला बघून उधळली, आणि लोक विचारायला धावत आले. ठकुबाईनं प्रत्येक ठिकाणी सगळं सांगितलं. एकदाही आवाज खाली आणला नाही. तिला फार बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"माजी चांदी परत यायची न्हाई," शेवटच्या वस्तीवर ती म्हणाली. "पन ध्यानात ठेवा. देवी कुनाचं जनावर मागत न्हाई. मागतो तो मानूस. गाय सोडायच्या आदी त्याचा हात हुंगा."