बंद मुठीतला घास

मी कापशी. जातीने मांजर, रंगाने पांढरी, हल्ली कानांच्या आतून पिवळी. बोलायची मला सवय नाही. दोन बहिणींच्या घरात जन्म काढला आणि त्या दोघीच एकमेकींना इतकं बोलल्या की माझ्यावर पाळीच आली नाही. आता मात्र सांगायला हवं, कारण मागाहून सांगणारं कोणी उरणार नाही.

माझा जन्म चिंध्यांच्या टोपलीत झाला. बहिणींचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. पँटची लांबी कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, असली कामं. दुकान थोरलीचं, मशीनवर बसायची धाकटी. आम्ही चार पिल्लं होतो. थोरलीने एकेकाला मानेला धरून उजेडात फिरवून पाहिलं, जसं कापड पाहतात. मी पांढरीशुभ्र, म्हणून राहिले. बाकीच्यांना पिशवीत घालून धाकटीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सोडून ये कुठेतरी. कुठे, ते मला सांगू नकोस." धाकटी गेली आणि मोकळी पिशवी घेऊन परत आली. आईने दोन दिवस टोपली हुंगली, मग तीही निघून गेली.

थोरलीची जीभ तिच्या कात्रीहून धारदार होती. धाकटीने शिवलेलं काही तिला पसंत पडलं नाही की ती ते गिऱ्हाइकासमोर उसवायची. सावकाश, एकेक टाका, हसत हसत. "हिच्या हातची शिवण टिकायची तर माणसाने श्वास घेऊ नये," असं म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं. धाकटी मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहायची.

शेजारच्या दुकानातला वायरमन एकदा दिव्याचं बटण दुरुस्त करायला आला, आणि मग बटण न बिघडताही येऊ लागला. त्याने धाकटीबद्दल विचारलं तेव्हा दुकानात तीन-चार बायका कपडे न्यायला थांबल्या होत्या. थोरली त्यांच्या देखत म्हणाली, "न्या की खुशाल. पण सांगून ठेवते, दारात परत आणून सोडलीत तर मी घेणार नाही." बायका हसल्या. वायरमनही हसला, आणि नंतर आला नाही.

एवढं सगळं पाहूनही मी थोरलीचीच होते. तिच्या पायाशी झोपायचे, तिच्या बोटावरचं खायचे. का, ते मला विचारू नका. तिचे पाय गरम असत. आम्हाला तेवढं पुरतं.

मग एका सकाळी थोरली इस्त्री करता करता खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यातून घरी आली तेव्हा डावं अंग लुळं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. दुकान बंद झालं. थोरली मागच्या खोलीत पलंगावर, आणि घराच्या किल्ल्या धाकटीच्या कमरेला.

पहिल्याच दिवशी मी सवयीने पलंगावर उडी मारली. धाकटीने मला उचलून बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"राहू दे ना तिला," आतून थोरली म्हणाली.

"डॉक्टर नको म्हणालेत. केस उडतात."

डॉक्टर घरी आले होते तेव्हा मी कपाटाखालीच होते. असं काही ते म्हणाले नव्हते.

मी दारासमोर बसून राहिले. ओरडले, दार ओरबाडलं. वाटी भरलेली असायची, पण खावंसंच वाटेना. "माजलीयस," धाकटी म्हणायची आणि वाटी तशीच ठेवायची. मग पिवळ्या फेसाच्या उलट्या सुरू झाल्या. उडी मारायला गेले की मागचे पाय साथ देईनात. पाठीचे मणके हाताला लागू लागले, पोटाची कातडी लोंबू लागली. मी पलंगाखाली, बुटांच्या मागे, कुठेही अंधारात जाऊन पडायचे.

एक दिवस खिडकीतल्या उन्हात पडले होते. धाकटी कपडे वाळत घालत होती. तिची नजर माझ्या कानावर गेली आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. तिने माझा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्याही पिवळ्या. मला वाटतं, आपण काय केलं ते तिला त्या क्षणी कळलं. आणि कळल्यावर माणसं जे करतात तेच तिनेही केलं: दोष तसाच ठेवला आणि सेवा सुरू केली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त घेतलं, पोटावर गार मलम लावून मशीन फिरवलं.

"यकृत बिघडलंय," त्या म्हणाल्या. "मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते. मग मळमळ होते, मळमळीने आणखी खात नाही. उलटी थांबायचं औषध देते, पण खरं औषध जेवण. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. वय झालंय तिचं. आता एक दिवससुद्धा उपाशी ठेवू नका."

धाकटीने मान हलवली.

"घरात काही बदल झालाय का? कोणाजवळ झोपायची का ही? त्या माणसाच्या सोबतीने खाईल कदाचित."

"नाही," धाकटी म्हणाली. "तसं कोणी नाही."

मग धाकटीने माझं जे केलं ते पोटच्या पोरीचंही कोणी करणार नाही. मला टॉवेलमध्ये गुंडाळायची, मांडीवर घ्यायची आणि बिनसुईच्या सिरिंजने गालातून लगदा सोडायची. थेंब थेंब. मी गिळेपर्यंत थांबायची. ठसका लागला तर डोकं खाली करायची, हनुवटी कोमट पाण्याने पुसायची. "खा ग माझी राणी. एवढा एक. शहाणी ती." हा आवाज मी त्या घरात कधी ऐकलाच नव्हता. आजारी जनावराशी बोलायला माणसांकडे एक वेगळा आवाज असतो, आणि तो ती दुसऱ्या कोणासाठी खर्च करत नाहीत.

पण ती खुर्ची कुठे ठेवायची ते सांगते. थोरलीच्या दाराला लागून.

आतून आवाज यायचा, "धाकटे, खातेय का ती?"

"माझ्या हातचं खातेय."

"इकडे आण की जरा. बघू दे मला."

"बरी झाली की आणते." आणि मग आणखी मोठ्याने, "खा ग माझी सोनी, खा."

थोरलीचं ताट तोवर ओट्यावर गार होत असायचं. मला भरवून, तोंड पुसून, पाठ थोपटून झाली की ते आत जायचं. आतून चमचा दातावर आपटल्याचा आवाज यायचा. तिथे "राणी" नव्हती. "गिळ लवकर" होतं.

एके दुपारी धाकटी थोरलीपुढे ताट ठेवून माझी औषधं आणायला गेली. दारापलीकडे धप्पकन काहीतरी पडलं. मग घसटत येण्याचा आवाज, धापा, आणि दाराच्या मुठीवर काठी आपटण्याचा. बऱ्याच खटपटीनंतर मूठ फिरली. थोरली जमिनीवर पालथी पडली होती, गाऊन गुडघ्यांवर चढलेला, कोपर सोललेलं. काठी टाकून तिने चांगल्या हाताने गाऊनच्या खिशातून उकडलेल्या माशाचा तुकडा काढला. तिने तो बोटाने चुरला आणि बोट पुढे केलं.

"ये," ती म्हणाली.

मी तिचा हात हुंगला आणि खाल्लं. आपल्या मनाने, आपल्या जिभेने.

धाकटी आली तेव्हा मी थोरलीचं बोट चाटत होते. औषधांची पिशवी हातात धरून ती दारात उभी राहिली.

"बघ," थोरली जमिनीवरून म्हणाली. तिरक्या तोंडाने ती हसत होती. "माझ्या हातचं."

धाकटीने आधी मला उचलून मी ठीक आहे का ते पाहिलं. मग बहिणीला उचललं, धान्याचं पोतं उचलावं तसं.

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. डॉक्टरीणबाई फोनवर खूश झाल्या. आपणहून खाते म्हणजे सुधारतेय, म्हणाल्या. खरंच सुधारत होते. हिरड्यांचा पिवळेपणा उतरू लागला. आता मला सुखाचे दिवस येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण थोरलीच्या हातात पुन्हा काहीतरी आलं होतं. ती घास बोटावर घ्यायची आणि मूठ मिटायची.

"आधी उशी नीट कर."

धाकटी उशी नीट करायची. मूठ उघडायची, मी खायचे.

"आधी केस विंचर. हळू."

धाकटी केस विंचरायची.

"ताई म्हणून हाक मार. पूर्वी मारायचीस तशी."

धाकटी दात आवळून हाक मारायची. मी त्या मुठीकडे बघत बसायचे.

मग एके सकाळी थोरली म्हणाली, "आता माफी माग. दार बंद ठेवल्याची."

"आधी तू माग," धाकटी म्हणाली.

"मी? कशाची?"

"वायरमनची."

थोरली हसायलाच लागली. "अग बाई. तो अजून आहे होय डोक्यात? त्याची पोरं आता कॉलेजात जात असतील."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "नाही मागणार," ती म्हणाली.

"मग ही पण नाही खाणार." आणि मूठ मिटली.

सिरिंज स्वयंपाकघरात होती, धुऊन पेल्यात उपडी ठेवलेली. लगद्याचा डबा फ्रीजमध्ये होता. धाकटीने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तिच्याच हातचं गोड लागतं ना तुला?" ती मला म्हणाली. "मग तीच देईल." आणि माझी वाटीही न भरता बाहेर जाऊन बसली.

मी थोरलीची बोटं चाटली. बोटांच्या फटीतून माशाचा वास येत होता. पंजाने मूठ ओढून पाहिली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती. मग मी बाहेर जाऊन धाकटीच्या पायाला अंग घासलं. तीही आतल्या खोलीकडे बघत होती. दिवसभर मी एकीकडून दुसरीकडे गेले. तिन्हीसांजेला थोरलीने मुठीतला सुकलेला तुकडा गादीखाली फेकून दिला, पण मला दिला नाही. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी मी उठले नाही. मग दोघी एकदम घाबरल्या. थोरलीने बोट पुढे केलं, धाकटीने सिरिंज आणली. दोघी मिळून मला "राणी" म्हणत होत्या. पण आता माशाच्या वासाने पोटात ढवळत होतं, आणि सिरिंजमधलं सगळं टॉवेलवर उलटून पडत होतं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी माझा कान उलटा करून पाहिला, हिरडी दाबून पाहिली, आणि पिशवीतून काही न काढता हात पुसले.

"आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "दुपारी परत येते, झोपेचं इंजेक्शन घेऊन. पण हे कसं झालं? परवापर्यंत सुधारत होती. मध्ये जेवण बंद झालं होतं का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. मी त्या घरात जन्मले, वाढले, म्हातारी झाले, पण त्या दोघींचं एकमत झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते आज पाहिलं.

"तिलाच नको होतं," दोघी एकदम म्हणाल्या.

"हं. म्हाताऱ्या मांजरांचं होतं असं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

आता दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या आहेत. धाकटी थोरलीच्या पाठीला उशी लावून देतेय, न सांगता. थोरली तिला म्हणतेय, "तू तरी किती केलंस तिचं." दुपार व्हायला अवकाश आहे, आणि डॉक्टरीणबाईंना मांजराची भाषा येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मला भूक होती.