मुक्काम: त्रेचाळीस रात्री

वेलांटीकाकांना हे नाव इमारतीनेच दिलं होतं. सूचनाफलकावर काहीही लागलं की हा गृहस्थ खिशातलं लाल पेन काढून आधी त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करणार, मग मजकूर वाचणार. चाळीस वर्षं छापखान्यांची मुद्रितं तपासण्यात गेली, डोळे अधू झाले, पण खोड काही जाईना. तरी त्या सोमवारच्या सूचनेवर त्यांनी एकही खूण केली नाही. ती त्यांनी तीनदा वाचली, तीन जिने चढून घरी आले, पाणी प्यायले, आणि चौथ्यांदा वाचायला पुन्हा खाली उतरले.

नियम असा होता. एक तारखेपासून फाटक फक्त कार्डावर उघडेल. कार्ड भाडेकरारात नाव असलेल्यालाच मिळेल. ज्याचं नाव करारात नाही तो पाहुणा, मग तो तुमचा कोणी का लागेना. पाहुण्याला घेऊन जायला घरच्या माणसाने स्वतः खाली यायचं, वहीत सही करायची, आणि महिन्यात सात रात्रींच्या वर मुक्काम नाही म्हणजे नाही.

काकांच्या घरात त्यांची लेक तेव्हा एकोणतीस रात्री राहून झाली होती.

ती आली कशी, तर एका रविवारी सकाळी, एक बॅग घेऊन. काकांनी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी तिथे परत जाणार नाही. आम्ही दोघांनीही तसं ठरवलंय." भांडण नाही, रडणं नाही. आता एवढं स्वच्छ वाक्य, त्यात तपासण्यासारखं काय आहे? पण काकांनी ते ऐकलं आणि कुठेतरी बाजूला ठेवून दिलं. जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, "लेक आलीये चार दिवस." बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि लेक आल्याचा आनंद त्यांना झाला होता हे खोटं नाही. पण त्या आनंदाच्या पोटात भीती होती. पोरीचा संसार मोडला, हे मनातल्या मनातसुद्धा म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. चार दिवस म्हटलं की कसं, पुढचं काही बोलावं लागत नाही.

एक तारीख उजाडली आणि काकांच्या पायाला भिंगरी लागली. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. साडेसहाला सुटायची, सात वाजता फाटकाशी यायची. काका सहापासूनच येरझारा घालायला लागायचे. खिडकीशी जा, परत ये, चपला घाल, चपला काढ. पुढ्यात शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं पडलेली. छापखान्यातून फोन आला, "काका, तुमच्या हाताखालून 'मुख्य दशा चार' असं सुटलंय हो. दिशाची वेलांटी कुठे गेली?" चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. वेलांटी ज्याच्या नावात, त्याच्याच हातून वेलांटी गेली होती.

फाटकावरचा चौकीदार भला माणूस. तो वही पुढे करायचा आणि मान खाली घालायचा. सात रात्री संपल्यावर त्याने आठव्या संध्याकाळी हळूच सांगितलं, "काका, आज मी फाटकापाशी नव्हतो असं समजा. पण रोज रोज मला नाहीसं होता येणार नाही."

त्याच आठवड्यात शेजारच्या सिस्टर आल्या. त्या इस्पितळात परिचारिका, आणि त्यांची म्हातारी आई त्यांच्याकडेच असायची. करारात नाव एकट्या सिस्टरांचं.

"माझी आई पाहुणी?" त्या दारातूनच म्हणाल्या. "ती पडली तर उचलायला मॅनेजर येणार आहे का? काका, सगळे सही करायला तयार आहेत. अर्ज तुम्ही लिहा. तुमच्यासारखं शुद्ध कोण लिहिणार?"

काकांना तेवढंच हवं होतं. बसायला निमित्त मिळालं. दोन दिवस खपून त्यांनी अर्ज लिहिला, आणि काय लिहिला म्हणता! 'पाहुण्यांच्या येण्याजाण्यावरील बंधने अन्यायकारक असून' इथपासून सुरुवात, एक काना इकडचा तिकडे नाही. आणि नुसत्या तक्रारीला वजन येत नाही म्हणून सोबत यादी जोडली: सतरा बिऱ्हाडं, प्रत्येकाचा पाहुणा, नातं, मुक्काम किती रात्री, आणि कारण.

"आकडे कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "लिहा 'काही दिवस'."

"मोघम लिहिलं की माणूस खोटा वाटतो," काका म्हणाले. "खरं आहे ते चोख लिहू. आपल्याला लपवायचंय काय?"

सगळ्यांनी सह्या केल्या. अर्ज गेला. काका दोन दिवस जरा ताठ चालत होते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने त्या यादीची प्रत काढून फलकावर लावली आणि खाली दोन ओळी लिहिल्या: वरील सतरा भाडेकरूंनी नियमभंग स्वतःच लेखी कळवल्याबद्दल आभार. सर्व पाहुण्यांनी शुक्रवारपर्यंत जागा सोडावी.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मॅनेजरला शोधत हिंडावं लागलं असतं, कोणाकडे कोण किती दिवस राहतंय ते. इथे सुंठीवाचून खोकला गेला. जिन्यात माणसं काकांकडे पाहून बोलायची थांबायला लागली. तळमजल्यावरचा सुतार तोंडावरच म्हणाला, "काका, तुमच्या शुद्धलेखनाने आमचा भाऊ रस्त्यावर आणला." सिस्टर काहीच बोलल्या नाहीत, आणि ते काकांना जास्त लागलं. पाहुणा हा शब्द मॅनेजरचा. तो खोडायचा सोडून आपण सुवाच्य अक्षरात सतरा वेळा लिहून दिला, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

लेकीने ती यादी संध्याकाळी येता येता वाचली. घरात आल्यावर हात धुतले, खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाबा, आकडा बरोबर आहे. त्रेचाळीस. तुम्ही मोजत होतात?"

"अगं, अर्जासाठी..."

"आणि कारण? 'काही दिवसांसाठी माहेरी आली आहे.' मी तुम्हाला पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्यांनी मला आत्ता पाहुणी केलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही आधीच केलं होतंत. असू द्या. दुकानातल्या एकीच्या घरी खोली आहे, शुक्रवारी मी तिकडे जाते. तुम्हाला उगीच त्रास नको."

तुम्हाला त्रास नको. काकांनी त्या रात्री पाठ टेकली, पण डोळा काही लागला नाही. पोर जाणार होती, आणि ती मॅनेजरमुळे जाणार नव्हती. हे त्यांना आरशात तोंड दिसावं इतकं लख्ख दिसत होतं. सहा वर्षं या घरात आपण एकट्याने काढली, आणखी काढू, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं निघालं. त्यांना ती हवी होती. चार दिवस नको, रोज हवी होती.

गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी. सकाळी चहा झाल्याबरोबर काका म्हणाले, "चल माझ्याबरोबर ऑफिसात." ती निघाली, कारण नाही म्हणायचंही तिला अवघड वाटत असावं.

मॅनेजर गोड माणूस. बसा म्हणाला, पंखा वाढवला, सगळं ऐकून घेतलं. "काका, तुमच्याबद्दल मला आदर आहे. एक मार्ग आहे." त्याने एक अर्ज पुढे सरकवला. करारात नाव घालण्याचा. नाव, नातं, आणि खाली एक रकाना: राहण्याचा कालावधी.

काकांनी नाव लिहिलं. नातं लिहिलं. रकान्यापाशी पेन थांबलं.

"तिथे तीन महिने लिहा," मॅनेजर म्हणाला. "तीन महिन्यांची मंजुरी माझ्याच हातात आहे. आत्ता शिक्का मारतो, आत्ता कार्ड देतो. पुढचं पुढे बघू."

किती सोपं होतं! तीन महिने. चार दिवसांचीच मोठी बहीण. लेक टेबलाच्या कडेला उभी होती. ती काकांकडे बघत नव्हती, पेनाच्या टोकाकडे बघत होती.

"आणि कायमचं लिहिलं तर?" काकांनी विचारलं.

"मग मालकांकडे जाईल. ते माणसं वाढवायला राजी नसतात. तुमचा करार दोन महिन्यांत संपतोय, नवा करायचा की नाही तेही तेच ठरवणार. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. या वयात घर शोधत फिरणं..."

"बाबा, तीन महिने लिहा," लेक म्हणाली. "चालेल मला."

काकांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. एकवीस वर्षांचं घर होतं ते. त्यांनी वाकून, सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं: कायम. सही केली. मग मॅनेजरला म्हणाले, "ती यादी फलकावरून काढा. त्यात माझी चूक आहे. सतराही ठिकाणी 'पाहुणे'च्या जागी 'घरचे' असं हवं. नवी प्रत सगळ्यांच्या सह्यांनिशी आणून देतो, सह्या मिळाल्या तर."

"उत्तर पंधरा दिवसांनी येईल," मॅनेजर म्हणाला. अर्जावर शिक्का न मारताच त्याने तो खणात टाकला. पंखा कमी केला.

दोघं जिना चढू लागले. पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि तिचा बांध फुटला.

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" ती ओरडली. "तीन महिने लिहायला काय झालं होतं? घर जाईल ना आता! कुठे जाणार आहेस तू? एकदा म्हणून माझं ऐकायचं नाही, असं ठरवलंयस का? आणि मोठा हातवारे करून सांगतोस, नवी प्रत आणतो! कोण करणार आहे तुझ्या कागदावर सही? तो सुतार?"

लहानपणापासून लग्नापर्यंत ती बापाला अशीच अरे-तुरे करायची, असंच तोंड सोडायची. सासरी गेली आणि तुम्ही-आम्ही सुरू झालं, ते त्रेचाळीस रात्रींत एकदाही सुटलं नव्हतं. आवाज ऐकून वर सिस्टरांनी दार किलकिलं केलं. काका एक हात कठड्यावर ठेवून खाली मान घालून उभे होते, बोलणी खात.

"मी करते सही," सिस्टर दारातून म्हणाल्या. "पण आधी तुमचं भांडण होऊ द्या."

"तुम्ही मध्ये पडू नका हो," लेक म्हणाली, आणि वडिलांचा दंड धरून त्यांना पुढच्या पायरीवर चढवत पुन्हा सुरू झाली, "आणि दोन महिन्यांनी बाहेर काढलं तर तुझी ती पुस्तकांची खोकी कोण वाहणार आहे, मी?"

"तूच," काका म्हणाले.