बाजूनं पडलेला उजेड

गोटमारीच्या दुपारी सारं पांढुर्णा जाम नदीवर, अन् माझा नवरा दारं-खिडक्या लावून कच्च्या संत्र्यांचा फोटो काढून राहिला होता. शाळेत त्यांना विनायक मास्तर म्हणतात. मी मनात काय म्हणते, ते जाऊ द्या.

घासलेटच्या डब्याला भोक पाडून त्यांनी आत माझा कंदील ठेवला होता. टेबलावर संत्री, बाजूला माझाच पितळी तांब्या. "मनकर्णा, समोरून उजेड टाकला त फळ सपाट दिसते. बाजूनं टाकला की बारीक खड्ड्याचीही सावली पडते."

"पडू द्या," मी म्हटलं. माझं ध्यान नदीवर. माहेर माझं पलीकडचं सावरगाव. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकांना गोटे मारतात. माझा भाऊ गुणवंता माझ्याच सासरच्यांवर गोटे मारत होता.

दारावर लाथ बसली. नदीपासून आमचंच घर जवळ होतं. माझे बाबा, भिवाजी, गुणवंताले ओढत आत आले. त्याचं अर्धं तोंड रक्तानं भरलं होतं. बाबांच्या मुठीत चंडीचा अंगारा. आमच्यात गोटमारीची जखम अंगाऱ्यानंच भरायची अन् परत नदीवर जायचं. डॉक्टरकडे गेला त साऱ्या खानदानाचं नाक कापलं.

मास्तरांनी डबा उचलून उजेड बाजूनं त्याच्या डोळ्यावर धरला. बुबुळाजवळ काळी सावली पडली. गोट्याची कपची रुतून बसली होती.

मास्तर सासऱ्याले म्हणाले, "मामाजी, अंगारा चोळू नका. कपची आत जाईन. नागपूरले नेऊ."

"देवीचा मान मोडतं?" बाबांनी त्यांच्या जबड्यावर ठोसा हाणला. खाली पडल्यावर लाथा घातल्या, कॅमेरा पायाखाली चेंदला. गुणवंतानं स्वतःच तोंड वर केलं. "लावा बाबा. मले नदीवर जायचं हाये."

म्या तांब्या उचलला अन् बापाच्या कपाळावर हाणला. ते थांबले नाहीत, म्हणून पुन्हा हाणला. ते भिंतीशी कोसळले, अंगारा रक्तात सांडला. मले तेव्हा दया आली नाही, नुसता राग आला होता.

गुणवंतानं माझा गळा धरला. मास्तरांनी फुटक्या तोंडानं उठून त्याले मागून दाबलं, म्या त्याचे हात माझ्याच लुगड्यानं बांधले. तसाच त्याले नागपूरच्या गाडीत घातला. राज्यं नव्यानं पाडली तेव्हा, मागच्या दिवाळीपासून, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं होतं, पण गाडी जायची ती जातच होती. डॉक्टरनं कपची काढली. डोळा वाचला.

बाबांनी माहेर बंद केलं. गुणवंता म्हणते, बहिणीनं गावात तोंड दाखवायची जागा ठेवली नाही. बाजारात दिसला की तो मान फिरवते. घरी येऊन मी रडते, खोटं काहून सांगू? पण मान फिरवायच्या आधी तो मले दोन्ही डोळ्यांनी पाहते. तेवढं मी दर वेळी पाहून घेते.