खिटी बाहेरून असते

संग्रहालयाच्या बाईंनी एक चित्र सुतारासमोर धरलं; नव्या दालनासाठी त्यांना अशीच एक वस्तू बनवून हवी होती. उभा खांब, त्यावर दोन आडव्या फळ्या, फळ्यांत तीन भोकं. मधलं मानेसाठी, बाजूची मनगटांसाठी.

"इंग्रजीत हिला पिलरी म्हणतात," बाई म्हणाल्या. "गुन्हेगाराला हिच्यात अडकवून चौकात उभं करायचे. येणारेजाणारे चिखल मारायचे, नासकी अंडी मारायचे. पुढे फळ्या गेल्या, पण शब्द राहिला. त्याचं क्रियापद झालं. चारचौघांत कुणाची लक्तरं काढली की अजूनही इंग्रजीत म्हणतात, त्याला पिलरी केलं."

सुताराला यात नवं काहीच वाटलं नाही. गेल्या वर्षी त्याच्या भाऊजींचं हेच झालं होतं. तेव्हा फळी लागली नव्हती, एवढंच.

भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, बस चालवायचे. बस उतारावरून थेट एका दुकानात घुसली आणि एक बाई गेली. बसचा मालक म्हणाला, ड्रायव्हर झोपला होता. झालं! पेपरात फोटो आला. नाक्यावर सभा भरली. ज्यांना साधी सायकल धड चालवता येत नाही, त्यांनीही तोंडसुख घेतलं.

सुतार त्या बसमध्ये होता, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. भाऊजी ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले होते. "लागत नाहीये! धरून बसा!" असं ओरडत होते. सगळं डोळ्यांनी पाहून हा मूग गिळून बसला, कारण त्या मालकाच्या बसच्या सीटा याच्याच कारखान्यात बनायच्या. पोट सगळ्यांनाच असतं, असं म्हणतात. असतं ना. भाऊजींनाही होतं.

भाऊजींनी हा विषय कधी काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. समोरच्या रस्त्याने जाणं त्यांनी सोडलं होतं. मागच्या गल्लीतून कारखान्यात यायचे आणि भुशाच्या ढिगाजवळ बसून राहायचे.

मानेचं भोक केवढं ठेवावं, याचा सुताराला अंदाज येईना.

"माझी मान घे," भाऊजी म्हणाले. "अनुभवी आहे."

एकटेच हसले. सुताराने टेप लावून माप घेतलं. फळ्या तयार झाल्यावर भाऊजींनी स्वतःच मान आत घातली, हातही घातले. सुताराने वरची फळी बसवून खिटी सरकवली.

"ही खिटी आतल्या माणसाला काढता येते का रे?"

"नाही. हात अडकलेले असतात ना. बाहेरच्यानंच काढायची."

"आणि बाहेरच्यानं नाही काढली तर?"

सुतार खिटीवरचा भुसा पुसत राहिला.

"काढ बाबा, नाक खाजतंय."

दारात डबा घेऊन ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. भाऊजी हात धुवायला गेले तशी ती भावाजवळ आली.

"दालनाच्या उद्घाटनाला तुला माईक देणार आहेत म्हणे. मालकही येतोय. सगळे असतील तिथं. एवढंच बोल रे, ते झोपले नव्हते. यांना एकदा समोरच्या रस्त्यानं चालू दे."

"बोलतो, ताई. नक्की."

उद्घाटनाला भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेही समोरच्या रस्त्याने. ताईशेजारी मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मालक पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून.

सुताराच्या हातात माईक आला.

"हे..." तो म्हणाला. मालकाने त्याच्याकडे पाहून ओळख दाखवत मान हलवली.

"हे सागवान आहे. सांध्यांना एकही खिळा वापरलेला नाही. शंभर वर्षं हलणार नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त वेळ मालकाने वाजवल्या.

मग फोटोसाठी रांग लागली. लोक हसत हसत माना घालून बघू लागले. मालकाची गुबगुबीत मान काही आत बसेना.

"भोक लहान झालंय की रे!" तो सुताराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "कुणाच्या मापाचं केलंस?"

सुताराने मागे पाहिलं.

ताई एकटीच भिंतीशी उभी होती. मागचं दार उघडं होतं.