चिकटवलेलं पान

“आधी शिवण बघायची, अक्षर मागनं,” उस्ताद म्हणायचे. पुस्तकबांधणीच्या दुकानात त्यांनी तिला हाताखाली घेतलं, तेव्हाची ही पहिली शिकवण. पानांच्या घड्या दोऱ्यानं शिवता शिवता बावीस वर्षांत बोटांना घट्टे पडले, पण ती शिकवण काही झिजली नाही.

आज मात्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावर तिच्यापुढे नुसतं अक्षर होतं, टाइप केलेलं. ‘मी माझ्या मुलीचा दाखला स्वखुशीने मागत आहे.’ खाली सहीची जागा.

शेजारी नववीतली लेक उभी होती, मान ताठ. तिच्या गुन्ह्याची गोष्ट एवढीच, की मुलींच्या स्वच्छतागृहाला तीन महिने कडी नव्हती. पोरीनं तीन अर्ज दिले, तिन्हींवर उत्तर ‘बघू’. शेवटी तिनं घरून स्क्रू-ड्रायव्हर आणला, शिक्षकांच्या दाराची कडी काढली आणि मुलींच्या दाराला बसवली.

“ही चोरी आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तुम्ही सही केलीत तर झाकली मूठ राहील. नाहीतर काढून टाकल्याचा शेरा पडेल. मग कोण घेईल हिला?”

“कडी शाळेतच आहे की,” लेक म्हणाली. “चोरी कसली? बदली झाली तिची.”

“बघा, बघा जीभ!” कोपऱ्यातून कारकून म्हणाले.

“माझ्यावर गेलीय,” आई हळूच म्हणाली. “पण मॅडम, काढायचं तर आधी लेखी नोटीस द्यायची, पोरीचं ऐकून घ्यायचं. तुमची नियमांची पुस्तिका मीच बांधलीय. घड्या घालताना वाचते मी.”

“ऐकून घेतलंय. हे इतिवृत्त.” मुख्याध्यापिकांनी जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं.

‘विद्यार्थिनी सुनावणीस हजर होती. तिने चूक कबूल केली. सही करण्यास नकार दिला.’

“आई, शप्पथ, मला कुणी बोलावलंच नाही!”

आईनं वाचणं थांबवलं आणि पानांच्या बेचक्यात अंगठा फिरवला. बाकी पानं दोऱ्यात पक्की, हे एकटंच सुटं, कडेला कडक पट्टी. तिनं मागची पानं चाळली. गेल्या वर्षीच्या तारखांतही असंच एक निघालं, दुसऱ्याच मुलीचं. मजकूर शब्दन्‌शब्द तोच.

“हे कुणी चिकटवलं? डिंक फार झालाय. शेजारचं पान आकसलंय बघा.”

“मी म्हटलं होतं मॅडमना, थोडाच—” कारकुनांनी जीभ चावली.



“तुम्ही आरोप करताय?” मुख्याध्यापिकांचा आवाज चढला.

“बांधणी सांगतेय. शिक्षणखात्यानं विचारलं तर तिथंही हेच सांगेन.” तिनं सहीचा कागद उलटा करून ठेवला. “सही मी करणार नाही. पोरगी आत्ता वर्गात बसेल. काय ती नोटीस द्या, तारीख द्या. आम्ही दोघी येऊ, तिचे तिन्ही अर्ज घेऊन येऊ.”

“बरं, बघू.”

“‘बघू’ नको, मॅडम. ‘बघू’पायीच एवढं झालं. आत्ताच्या आत्ता लिहून द्या, शिक्क्यासकट.”

शिक्का उमटेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

व्हरांड्यात लेकीनं तिची बाही ओढली. “आता ते पान फाडून टाकतील गं.”

“फाडू देत. डिंकाची कड राहतेच.”

“आणि ते दुसरं? कुणाचं होतं?”

आईनं नाव सांगितलं. लेकीचा चेहरा पडला. “ती माझ्या पुढच्या बाकावर होती. सगळं कबूल करून गेली, असं सांगितलं आम्हाला. मी तिच्याशी बोलणंच सोडलं, आई. आता घरीच असते. पाण्याच्या टाकीमागं, निळं दार.” तिनं आईची बाही पुन्हा धरली. “तिच्या घरी सांगशील?”

“सांगेन.”

“आजच?”

“आजच. जा तू, तास बुडवू नकोस.”

लेक जिना चढून वर्गात शिरेपर्यंत आई खाली उभी राहिली. दुकानात निम्मी शिवलेली पुस्तकं तशीच पडली होती. फाटकाबाहेर पडल्यावर ती दुकानाच्या रस्त्याला लागली नाही. पदर खोचला, आणि टाकीच्या दिशेनं चालू लागली.